पूर्वपडसाद

"ही मी?" मंजुषाने चष्मा सारखा करत विचारलं.

पडद्यावर नऊ वर्षांची एक मुलगी चंदेरी अंगरखा घालून उभी होती. अंगरखा चहाच्या खोक्यातल्या चमकत्या अस्तराचा होता आणि हात वर केला की काखेत टोचायचा, हे बघताक्षणी तिच्या काखेलाच आठवलं. मुलीच्या मागे टायटनचं आकाश पसरलं होतं. दिव्यांपुढे नारिंगी जिलेटिनचा कागद धरायचा, धुपाटण्यात मूठभर धूप टाकायचा, की झाला शनीचा सगळ्यात मोठा चंद्र तयार. सगळं युनिट दिवसभर खोकत असे.

"तुम्हीच," प्रयोगशाळेतली ऋजुता बेंद्रे हसून म्हणाली. "ठिणगी. टायटनवर जन्मलेली पहिली मुलगी. माझ्या आईला तुमचं खरं नाव सांगितलं, तर म्हणते, असेल, पण आमची ठिणगी कशी आहे ते सांग."

ठिणगी आता सदुसष्ट वर्षांची होती. साताऱ्यात तिचं चष्म्याचं दुकान होतं, आणि प्रयोगशाळेचा दुसरा मजला चढतानाच तिच्या गुडघ्यांनी तक्रार केली होती.

'मुक्काम टायटन' ही मालिका तिच्या लहानपणी दर रविवारी सकाळी लागायची. तेरा भाग झाले आणि संपली. व्हिडिओटेप तेव्हा महाग. एक कार्यक्रम दाखवून झाला की त्याच टेपवर दुसरा मुद्रित करायचा, अशीच रीत होती. टायटनवर कुणीतरी पाककृती मुद्रित केल्या आणि मालिका उरली ती फक्त पाहणाऱ्यांच्या डोक्यात. मग गेल्या वर्षी खरोखरीचं उडतं यान टायटनवरून छायाचित्रं पाठवू लागलं. ते नारिंगी धुकं बघून साठी उलटलेले कितीतरी लोक म्हणाले, 'हे तर आम्ही पाहिलंय!' त्या गलक्यातूनच पुण्याच्या 'नादचित्र' प्रयोगशाळेला ही जुनी रिळं वाचायचं काम मिळालं. बारा भाग वाचून झाले होते. लोकांना दाखवण्याआधी ऋजुताने मंजुषाला बोलावून घेतलं, कारण त्या सगळ्या चमूतलं आता तेवढं एकच माणूस हयात होतं.

हे साधतं कसं, ते ऋजुताने चहा पिता पिता सांगितलं होतं. टेप म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडच्या कणांचा लेप. प्रत्येक कण एक इवलंसं चुंबक. मुद्रण करायचं म्हणजे या चुंबकांची तोंडं हव्या त्या दिशेला वळवायची. त्याच टेपवर दुसरं काही मुद्रित केलं की तोंडं पुन्हा वळतात, पण सगळी नाही. काही कण कडेचे म्हणून सुटतात, काही लेपाच्या तळाशी म्हणून. ते जुन्याच दिशेला तोंड करून बसून राहतात. त्यांचं चुंबकत्व इतकं क्षीण, की साध्या यंत्राला त्याचा पत्ता लागत नाही. नादचित्रचं यंत्र ते हिऱ्याने वाचायचं. हिऱ्याच्या स्फटिकात मुद्दाम नायट्रोजनचे अणू पेरलेले असतात. त्यावर हिरवा लेसर टाकला की हिरा तांबडा चमकतो, आणि जवळपास चुंबकत्व असेल तर ती चमक किंचित बदलते. तो किंचित बदल मोजत जायचा.

"म्हणजे पाककृतीखालून टायटन उपसायचा," मंजुषा म्हणाली होती.

"हेच आता मी सगळीकडे सांगणार. तुमचं नाव घेणार नाही."

पडद्यावर आता कॅप्टन आला होता. मुकुंदराव शेवडे. त्यांची छाती, त्यांचा तो पहाडी आवाज. रंगभूमीवर उभी हयात काढलेला माणूस, पण पुठ्ठ्याच्या यानातही अशा थाटात उभा राहायचा, की यानाला पुठ्ठा असल्याची लाज वाटावी. त्यांनी विचारलं, "ठिणगी, बाहेर काय दिसतंय?"

मुलीने डावीकडे बघितलं. थांबली. मग म्हणाली, "मिथेनचा पाऊस थांबलाय, कॅप्टन."

"थांब," मंजुषा म्हणाली. "मागे घे जरा. इथला आवाज गेलाय."

ऋजुताने मागे घेतलं. प्रश्न, डावीकडे नजर, शांतता, उत्तर.

"नाही हो मंजुषाताई. आवाज तर लख्ख आहे. चित्रापेक्षा आवाजच चांगला आलाय."

"अगं पण मधे कुणीच कसं बोलत नाही?" मंजुषा खुर्चीतून पुढे सरकली. "मी बघतेय ती आईकडे. तिथे पॅनेलच्या मागे आई असायची, संहिता घेऊन. ती मला वाक्य द्यायची, मग मी बोलायची. आई प्रॉम्प्टर होती."

ऋजुताच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. तिने पडद्यावर आवाजाचा आलेख उघडला, बराच वेळ खाली-वर केला. मग खुर्ची मंजुषाकडे वळवली.

"मंजुषाताई, टेप रिळावर गुंडाळून ठेवतात ना, तेव्हा एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर हलकासा उमटतो. चुंबकाला चुंबक लागून. वर्षानुवर्षं पडून राहिली की जास्तच. मग वाजवताना खरा शब्द यायच्या आधी त्याची सावली ऐकू येते. आम्ही त्याला पूर्वपडसाद म्हणतो. जुन्या टेपमध्ये तो असतोच, आणि आमची प्रणाली तो वाचतावाचताच काढून टाकते. तेच शब्द, हलक्या आवाजात, मोठ्या शब्दांच्या जरा आधी. दिसला की पुसायचा."

"तेच शब्द. हलक्या आवाजात. जरा आधी," मंजुषा म्हणाली.

"आवाजाचा पोत वेगळा होता, तो प्रणालीने टेपच्या वयावर ढकलला. आणि आम्हीही." ऋजुताने ओठ चावला. "आमच्या इथे पंधरा जण आहेत. सगळे पदार्थविज्ञान, संगणकशास्त्र वगैरे शिकलेले. एकानेही प्रॉम्प्टर असलेलं नाटक पाहिलेलं नाही. वाक्याच्या आधी वाक्य ऐकू येतंय म्हणजे तिथे कुणी माणूस असेल, हे सुचलंच नाही कुणाला."

मंजुषाला हसू आलं आणि त्याचंच तिला नवल वाटलं. त्या काळच्या प्रेक्षकांना प्रॉम्प्टर ऐकूनही न ऐकल्यासारखं करायची सवय होती. यंत्रानेही तेच केलं, फक्त जास्त मन लावून.

"मूळ असेल ना? न पुसलेलं?"

"नाही हो. यंत्र एका सेकंदात इतकी मोजमापं घेतं, की ती साठवून ठेवणं परवडत नाही. दुरुस्त झालेलंच ठेवतो. आणि खोलवरचा आवाज वाचायचा तर वरचा थर लेसरने तापवून पुसावा लागतो. एकदा आवाज वाचला की ती टेप पुन्हा वाचता येत नाही."

मंजुषा चौदा वर्षांची असताना तिची आई, कुमुद, काविळीने गेली. आईचे फोटो घरात भरपूर होते. साखरपुड्यातली, प्रतापगडावरची, ठिणगीच्या टोपीची पिसं शिवतानाची. आवाज कुठेच नव्हता. घरी टेपरेकॉर्डर होता, पण त्याच्यावर सगळ्यांनी रेडिओवरची गाणी भरली. रोज घरात बोलणारं माणूस कुणी कशाला मुद्रित करून ठेवील? गेली कित्येक वर्षं तिला आईचे शब्द आठवत, सांगण्यातला राग आठवे, हसणं कधी यायचं ते आठवे. आवाज आठवत नव्हता. 'गोड होता' एवढं ती सांगायची, आणि सांगताना तिला ठाऊक असायचं की हे आपण असंच म्हणतोय.

"तेरावा भाग?" तिने विचारलं.

"तो अजून वाचलेला नाही," ऋजुता म्हणाली, आणि तिला पुढचं काय ते लगेच कळलं असावं, कारण तिने डोळे मिटून घेतले. "तिथेच तर गोची आहे."

शेवटच्या भागाच्या रिळाला दमट हवा लागली होती. लेप सुटत होता. बाकीची रिळं यंत्रातून दोनदा गेली होती, एकदा चित्रासाठी, एकदा आवाजासाठी. हे रीळ एकदाच जाईल, मग त्याची भुकटी होणार. चित्र वाचायचं तर यंत्र वरच्या वर, कडेकडेने चालवायचं. आवाज वाचायचा तर वरचा थर जाळून खाली उतरायचं. दोन्ही एकदम होत नाही. ठरलं होतं ते असं, की चित्र खरं वाचायचं आणि आवाज बनवायचा. शेवटच्या भागाची टंकलिखित संहिता मिळालेली होती, आणि बारा भागांतून कलावंतांचे आवाज संगणकाला पाठ झाले होते. तो कॅप्टनला हवं ते बोलायला लावू शकत होता.

"आणि उलट केलं तर?"

"तर आवाज खरा आणि चित्र बनवलेलं. तेही जमेल. सेट माहीत आहे, चेहरे माहीत आहेत." ऋजुताने क्षणभर थांबून पुढे सांगितलं, "करार असा आहे, की जे बनवायचं त्याला तुमची संमती लागते. काहीही बनवलं तरी. त्यामुळे ठरवायचं तुम्हालाच आहे. पण खरं सांगते, लोक बघायला येणार आहेत. मुकुंदरावांचा शेवटच्या प्रवेशातला चेहरा, त्याबद्दल अजून लोक बोलतात."

मंजुषाला ते माहीत होतं. तिने स्वतः तो भाग पाहिला नव्हता, त्या रविवारी साताऱ्यात वीज गेली होती. पण पुढे वर्षानुवर्षं दुकानात येणारे लोक चष्मा डोळ्यांवर चढवता चढवता सांगत, काय चेहरा होता हो तो.

"मला चार दिवस दे," ती म्हणाली.

"ताई, तू टायटनवर होतीस तेव्हा मी पाळण्यात होतो," धाकटा भाऊ श्रीरंग फोनवर म्हणाला. तो नाशिकला असायचा, नुकताच निवृत्त झाला होता आणि सकाळपासून रिकामा होता. "मला काय विचारतेस? तू कलावंत. मी पाळण्यातला."

"रंगा, चेष्टा नको. नीट ऐक. मुकुंदकाकांचा खरा चेहरा जाणार. त्यांचा तो शेवटचा मोठा प्रवेश. मी आपल्या आईसाठी त्यांचा चेहरा पुसायचा, हे बरं आहे का? त्यांना विचारायचीही सोय नाही."

"ते काय म्हणाले असते?"

मंजुषाने विचार केला. "ते म्हणायचे, चेहरा तिसऱ्या रांगेपर्यंत जातो. पुढे सगळा आवाजच."

"मग झालं की."

"झालं काय! आणखी एक आहे. शेवटच्या भागापर्यंत मी वाक्यं पाठ करायला शिकले होते. आईने घोटून घेतली होती. आणि काकांना प्रॉम्प्टिंग कधीच लागत नसे, तो त्यांचा लौकिकच होता. म्हणजे आई बहुतेक बोललीच नसणार. चेहरा पण जायचा आणि हाती काहीच लागायचं नाही. तुला कळतंय का?"

मग श्रीरंग वेगळ्याच सुरात म्हणाला, "ताई, ती गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. चेहरा मला पाठ आहे, फोटो बघून बघून. पण स्वप्नात आली ना, की तिचे ओठ हलतात आणि आवाज तुझा येतो."

"माझा?"

"मग दुसरा कुठून आणू? तूच वाढवलंस."

मंजुषाने डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि उगाचच पुसायला घेतला. दुकानात समोर एक गिऱ्हाईक फ्रेम निवडत बसलं होतं. तिने त्याच्याकडे पाठ फिरवली.

दुपारी तिने ऋजुताला कळवलं: आवाज वाच. चित्र बनव, पण ते बनवलेलं आहे हे सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत लिही.

लगेच फोन आला. "वरिष्ठांची मला बोलणी खावी लागतील," ऋजुता म्हणाली. "खाईन मी. एक सांगू? भौतिकशास्त्र तुमच्याच बाजूचं आहे. टेपवर चित्राच्या लहरी आखूड असतात, त्या लेपाच्या अगदी वरच्या थरात राहतात. आवाजाच्या लहरी लांब, त्या खोल उतरतात. चित्र वाचलं असतं तरी दोन तृतीयांश आम्हालाच भरावं लागलं असतं. आवाज मात्र तळाशी जवळजवळ आख्खा असतो. हे मी बैठकीत कधीचं सांगत होते. पण चित्रापुढे आवाजाचं कोण ऐकतंय?"

"तू पूर्वपडसाद पुसणं बंद ठेवशील ना?"

"बंद काय, तो भागच मी प्रणालीतून काढून टाकलाय. पण मंजुषाताई, तिथे काही नसलं तर?"

"नसलं तर नाही," मंजुषा म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा तिचा आवाज बराच बारीक निघाला.

रीळ वाचायच्या दिवशी श्रीरंग नाशिकहून पुण्याला आला. इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला आल्यासारखा. ऐकायच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. काचेपलीकडे यंत्र हळूहळू फिरत होतं, आणि त्यातून सुटणारी टेप दुसऱ्या बाजूला तपकिरी भुग्यासारखी गोळा होत होती. ऋजुताने पुढ्यात संहितेची पानं उघडून ठेवली, आवाज जुळतोय का ते बघायला.

खरखर झाली. मग एकदम, अगदी शेजारून कुणी बोलावं तसा, मुकुंदकाकांचा पहाडी आवाज आला. श्रीरंग दचकला.

प्रवेश पुढे सरकत राहिला. स्थानकातली ऊर्जा संपत आलेली, बाहेरचा दिशादर्शक दिवा बिघडलेला. कॅप्टन बोलले की ठिणगी लगेच उत्तर देई, चटचट, एकही शब्द न अडखळता. प्रत्येक प्रश्नानंतर मंजुषा श्वास रोखून धरायची आणि प्रत्येक वेळी तिचाच बालिश, तरतरीत आवाज तिला गाठायचा. पाठांतर चोख होतं. मधे कुणी नव्हतं. श्रीरंगने एकदा तिच्याकडे बघितलं, मग बघायचं सोडून दिलं.

"आता शेवटचा प्रवेश," ऋजुता हळूच म्हणाली. "इथून कॅप्टनचंच भाषण आहे. निरोपाचं. ठिणगीला यात वाक्य नाही."

मंजुषाने मान हलवली. म्हणजे संपलंच. काचेपलीकडच्या रिळावर टेपचे थोडेच वेढे उरले होते.

"ठिणगी," कॅप्टन म्हणाले, आणि थांबले.

शांतता लांबली. कुठेतरी कुणीतरी खोकलं, धुपाने असेल. हा अभिनयातला विराम आहे असं आधी वाटलं. मग वाटेना. ज्यांना कधी प्रॉम्प्टिंग लागत नसे, ते मुकुंदराव शेवडे समोरच्या मुलीकडे बघता बघता शब्द विसरले होते.

"मी बाहेर निघालोय."

आवाज बाईचा होता. दबका, जाडसर, थोडा घोगरा. गोड अजिबात नव्हता.

"मी बाहेर निघालोय," कॅप्टन म्हणाले.

"दिवा दुरुस्त झाला तर परत येईन."

"दिवा दुरुस्त झाला तर परत येईन."

श्रीरंगने खुर्चीचा हात घट्ट धरला. "ताई," तो पुटपुटला, "ही तर आमची गार्गी बोलतेय." गार्गी त्याची मुलगी. घरात सगळे तिला म्हणत, हिचा आवाज कुणावर गेलाय कोण जाणे.

मंजुषाने नुसतं हो म्हणून मान हलवली. आवाज आठवला असं तिला वाटलं नाही. तिला वाटलं, हा तर कधी गेलाच नव्हता, आपण भलत्याच ठिकाणी शोधत होतो.

"नाही आलो, तर पृथ्वीवरून दुसरं कुणीतरी येईल," आई सांगत होती. "तोवर हे घर तुझं." आणि मागोमाग कॅप्टन तेच सांगत होते, पण मंजुषा त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. एकेक वाक्य तिच्याकडे आधीच येत होतं. मंजुषा धाकट्या भावाला पोटाशी धरून जगायला निघायच्या पाच वर्षं आधी, पुठ्ठ्याच्या पॅनेलमागून, तिची आई तिला निरोप देत होती, आणि दोघींना त्याचा पत्ता नव्हता.

मग टेपवर एक बारीक हुंदका ऐकू आला. अभिनयाचा नव्हे. नाक ओढल्याचा, ओला.

ऋजुताने संहितेवर बोट ठेवलं. तिथे कॅप्टनचं शेवटचं वाक्य होतं: 'शूर मुली रडत नसतात, ठिणगी.' तिघंही त्या वाक्याची वाट बघत राहिले.

आई काही बोलली नाही. संहिता चाळल्यासारखी सळसळ झाली, की मिटल्यासारखी. मुलगी पुन्हा एकदा हुंदकली.

"आधी जेवून घे," आई म्हणाली. "मग हवं तेवढं रड."

ऋजुताचं बोट कागदावरच थबकलं. तिने पान उलटलं, परत मागे आणलं. "हे यात नाही," ती म्हणाली. "मंजुषाताई, हे वाक्य लिहिलेलंच नाहीये कुठे."

मंजुषाने हात वर करून तिला थांबवलं. कारण त्या वाक्यानंतर, आणि कॅप्टनने ते उचलून आपल्या पहाडी आवाजात म्हणायच्या आधी, मधल्या त्या एवढ्याशा फटीत, नऊ वर्षांची मंजू पॅनेलच्या दिशेने "हो" म्हणाली होती.